केल्पच्या जंगलाला माशांचं खत

मासे काय खातात हे सगळे विचारतात. ते बाहेर काय टाकतात आणि कुठे, याची चौकशी फारशी कुणी करत नाही. आज तीच करू.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली जायंट केल्पची जंगलं आहेत. केल्प दिसतो झाडासारखा, पण आहे तपकिरी शैवाल. त्याला मुळं नसतात. तळाशी मुळांसारखा जो गुंता दिसतो, तो फक्त खडक घट्ट धरून ठेवतो. अन्नद्रव्यं केल्प पात्यांमधून थेट पाण्यातूनच घेतो. सगळं अनुकूल असलं तर तो दिवसाला फूट-दीड फूटसुद्धा वाढतो. त्याला नायट्रोजन लागतो, आणि भरपूर लागतो. वसंतात वारे वरचं पाणी लोटून नेतात, खालून थंड पाणी वर येतं, नायट्रेट म्हणजे नायट्रोजनचंच एक रूप घेऊन, तेव्हा चंगळ असते. उन्हाळ्यात वरचा थर तापतो आणि त्यातलं नायट्रेट जवळजवळ संपतं. केल्पच्या अंगातला साठा पुरतो जेमतेम काही आठवडे. मग पुढे?

इथे मासे येतात. माशांचं खत म्हटलं की आपल्याला विष्ठा आठवते. पण हाडं असलेल्या माशांचा टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपात पाझरतो, तोही सतत. समुद्राच्या पाण्यात त्याचं बहुतांशी अमोनियम होतं. नायट्रेट वापरायचं तर केल्पला ऊर्जा खर्चून आधी त्याचं अमोनियम करावं लागतं. इथे ते आयतंच मिळतं. शिवाय अमोनियम तो अंधारातही शोषू शकतो.

अंधाराचा मुद्दा काढला तो ब्लॅकस्मिथ या माशासाठी. वीतभर लांबीचा, करडा-निळसर मासा. दिवसा याचे थवे प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला, जंगलाच्या कडेला, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपत असतात. संध्याकाळ झाली की सगळे खडकांच्या कपारींत शिरतात, अगदी खेटून. रात्रभर तिथे अमोनियम पाझरतं, विष्ठाही पडते आणि तळाच्या जिवांना मिळते. म्हणजे खुल्या समुद्रातलं अन्न हा मासा रोज संध्याकाळी जंगलात आणून टाकतो. संशोधक रिचर्ड ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा दुवा मांडला. मला तो फार आवडतो, कारण यात कुणी कुणासाठी काहीच मुद्दाम करत नाही.

पण कौतुक बेतानं. वर्षभराचा हिशेब मांडला तर पारडं खालून येणाऱ्या नायट्रेटचंच जड. १९८२-८३च्या एल निन्योत वादळं आणि तापलेलं पाणी मिळून दक्षिण कॅलिफोर्नियातलं केल्प मोठ्या प्रमाणात नष्ट झालं. माशांना ते वाचवता आलं नाही. माशांची मदत खरी ती हंगामातल्या ओढगस्तीच्या काळात.

आणखी एक गुंता आहे. लहान मासा त्याच्या वजनाच्या मानानं मोठ्यापेक्षा जास्त अमोनियम सोडतो. त्यामुळे जंगलात एकूण किती टन मासे आहेत एवढ्यावरून खत मोजता येत नाही. ते कोणत्या आकाराचे आहेत, चरतात कुठे आणि रात्री थांबतात कुठे, हेही पाहावं लागतं.