टीका जरूर करा, पण खोटी साक्ष नको

नमस्कार श्रोतेहो, आणि आपल्या ख्रिस्ती भावाबहिणींना जय ख्रिस्त.

आज विषय घेतलाय फ्रीमेसनरीचा, म्हणजे स्वतःचे विधी आणि प्रतीकं असलेल्या एका जुन्या बंधुसंघटनेचा. तिच्या सभासदाला मेसन म्हणतात. हे नाव काढलं की आमच्या ख्रिस्ती घरांमधे लगेच कुणीतरी मोबाईल पुढे करतं, हे बघ, हे लोक सैतानाची भक्ती करतात. व्हिडिओ असतो अमेरिकेतल्या कुठल्यातरी मिनिस्ट्रीचा, म्हणजे ख्रिस्ती प्रचार करणाऱ्या संस्थेचा, मागे भीतीदायक म्युझिक, आणि बोलणारा इतक्या खात्रीने बोलत असतो की ऐकणाऱ्याला वाटतं हा सगळं डोळ्यांनी बघून आलाय. मी स्वतः ख्रिस्ती आहे, रविवारची उपासना चुकवत नाही, आणि मी मेसनही आहे. त्यामुळे हे बोलणं मला दोन्हीकडून लागतं, म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

त्या व्हिडिओंमधे हमखास एक उतारा असतो, अल्बर्ट पाईक नावाच्या अमेरिकन मेसनच्या नावावर खपवलेला, की ल्युसिफर हाच देव आणि वरच्या डिग्रीच्या, म्हणजे वरच्या पायरीवरच्या, मेसन लोकांनी त्यालाच भजावं. तारीखसुद्धा दिलेली असते, १४ जुलै १८८९. आता तारखेसकट काही आलं की माणूस शंका घेत नाही ना. पण हा उतारा कुठून आला ते एकदा नीट ऐका.

फ्रान्समधे लिओ टॅक्सिल या टोपणनावाने लिहिणारा एक माणूस होता, मूळचा मार्सेचा. आधी हा चर्चची टिंगल करणारी पुस्तकं काढून पैसे कमवायचा. १८८४ मधे पोप तेरावे लिओ यांनी मेसनरीविरुद्ध मोठं पत्र काढलं आणि या गड्याने वाऱ्याची दिशा ओळखली, पुढच्याच वर्षी जाहीर केलं की मला पश्चात्ताप झालाय, मी चर्चकडे परत आलोय, आणि मग मेसन लोकांची गुपितं फोडणारी पुस्तकं धडाधड सुरू झाली. १८८७ मधे तर खुद्द पोपनी त्याला भेट दिली. पुढे त्याने डायना वॉन नावाची एक बाई उभी केली, सैतानाच्या गुप्त पंथातून सुटून आलेली, तिच्या आठवणी हप्त्याहप्त्याने छापून यायच्या आणि भाविक लोक त्या रडत रडत वाचायचे. शेवटी लोक म्हणायला लागले की बाबा, बाई दाखव. १९ एप्रिल १८९७ ला पॅरिसमधे जिऑग्राफिकल सोसायटीच्या हॉलमधे गर्दी जमली, पाद्री होते, पत्रकार होते, सगळे डायनाची वाट बघत बसलेले, आणि स्टेजवर आला एकटा टॅक्सिल. त्याने सरळ सांगितलं की सगळं मीच रचलेलं आहे, बारा वर्षं तुम्हाला फसवत होतो, आणि डायना वॉन म्हणजे माझ्याकडची एक टायपिस्ट. हॉलमधे एकच गोंधळ उडाला.

पाईकच्या नावावरचा तो उतारा याच कारखान्यातला. पाईक वारला १८९१ मधे, उतारा छापून आला १८९४ मधे, म्हणजे बिचाऱ्याला मी असं बोललो नाही हे सांगायचीही सोय नव्हती. ज्या लेखकाने तो छापला त्यानेसुद्धा टॅक्सिलचं बिंग फुटल्यावर आपले शब्द मागे घेतले. आणि आज सव्वाशे वर्षांनंतरही तोच उतारा मिनिस्ट्रीच्या पुस्तिकेत येतो, मंचावरून वाचला जातो, वर आमेन म्हटलं जातं. मला याचं खरंच वाईट वाटतं. आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपल्यासाठीच आहे ना? शेजारी मेसन असला म्हणून ती आज्ञा सुटते का?

पाईकने १८७१ मधे एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, त्यात वादग्रस्त बोलणं भरपूर आहे, ते मला पटत नाही आणि मी ते लपवतही नाही. पण त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत म्हटलंय की यातलं जे ज्याला चूक वाटेल ते नाकारायला तो मोकळा आहे. आणि मेसनरीला जगभराचा असा कुणी एक प्रमुख नसतो, मेसन लोकांची स्थानिक शाखा म्हणजे लॉज, अनेक लॉजची वरची संस्था म्हणजे ग्रँड लॉज, आणि प्रत्येक ग्रँड लॉज स्वतंत्र, त्यामुळे पाईक म्हणाला म्हणजे सगळे मेसन म्हणाले, असं होत नाही.

आता खऱ्या आक्षेपांकडे येतो, कारण सगळेच टीकाकार काही खोटं बोलत नाहीत. पहिला आक्षेप, लॉजमधे देवाला विश्वाचा महान शिल्पकार म्हणतात आणि प्रार्थनेत येशूचं नाव घेत नाहीत. खरंय, बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. पण यामागचं कारण बघा. लंडनमधे १७१७ साली चार लॉज एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज झाली तेव्हा इंग्लंडमधे पंथापंथांच्या रक्तपाताच्या आठवणी ताज्या होत्या. १७२३ ची नियमावली लिहिली जेम्स अँडरसनने, तो प्रेस्बिटेरियन पाळक होता. या नियमावलीच्या आधी ग्रँड मास्टर, म्हणजे ग्रँड लॉजचा प्रमुख, झालेला देझागुलिए हा अँग्लिकन पाळक, न्यूटनचा सहकारी. या माणसांना ख्रिस्त नाकारायचा नव्हता, त्यांना एक अशी खोली हवी होती जिथे वेगवेगळ्या पंथांचे लोक भांडण न करता शेजारी शेजारी बसतील. म्हणून लॉजमधे धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायला बंदी, आजही. आणि शिल्पकार म्हणाल तर बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात अब्राहाम ज्या नगराची वाट बघत होता त्याचा योजक आणि बांधणारा देवच आहे असं म्हटलंय की. जेफ्री फिशर तर १९४५ ते १९६१ कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे अँग्लिकन चर्चचे सर्वात वरचे धर्मगुरू होते, आणि मेसनही होते.

दुसरा आक्षेप शपथेचा. जुन्या शपथेत गळा कापण्याबिपण्याची भाषा होती, प्रतीकात्मक होती, पण कानाला वाईटच. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ मधे ती शिक्षेची भाषा शपथेतून काढली, आणि त्यात चर्चकडून झालेल्या टीकेचाही वाटा होता असं मी मानतो, तेव्हा प्रामाणिक टीकेचे आभारच.

तिसरा आक्षेप मात्र मला सगळ्यात वजनदार वाटतो. प्रवेशाच्या वेळी नव्या माणसाला कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन देतात, आणि अमेरिकेतल्या विधीमधे त्या वेळच्या शब्दांतून शुद्ध वागणुकीने स्वर्गातल्या लॉजमधे जागा मिळते असा अर्थ निघू शकतो. तारण कृपेने मिळतं, कर्माने नाही, हे मानणाऱ्या माणसाला ते टोचणारच, मलाही टोचतं. पण लॉज तारण देऊ करत नाही, तिथे बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही, पापक्षमा नाही. ते सगळं माझं चर्चमधेच आहे. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी यावर रीतसर अभ्यास केला, १९९३ च्या त्यांच्या अहवालात मेसनरीच्या काही शिकवणी ख्रिस्ती विश्वासाशी जुळत नाहीत असं स्पष्ट लिहिलं, दानधर्माचं कौतुकही केलं, आणि सभासद व्हायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलं. याला म्हणतात टीका.

वसईच्या, गोव्याच्या कॅथलिक श्रोत्यांना मात्र वेगळं सांगतो. तुमच्या चर्चची बंदी १७३८ पासूनची आहे आणि १९८३ मधे रोमने ती पुन्हा स्पष्ट केली. तुमचा नियम तुम्ही पाळा, मी तो मोडायला सांगणार नाही.

मग लॉजमधे असतं तरी काय? एक प्रसंग सांगतो, इंग्लिश विधीतला आहे, छापील पुस्तकांत कधीचाच आलाय. प्रवेश घेणाऱ्याच्या अंगावरचे पैसे, अंगठी, घड्याळ, सगळं आधीच काढून घेतलेलं असतं. नंतर सगळ्यांसमोर त्याला विचारतात, गरिबांसाठी काही देतोस का? तो खिसे चाचपतो, खिशात काहीच नाही. श्रीमंत असो, साहेब असो, त्या क्षणी तो ओशाळतो. मग त्याला सांगतात की पुढे कधी असाच रिकाम्या हातांचा माणूस भेटला तर हा क्षण आठव आणि जमेल तेवढं दे. यात सैतान कुठे आहे ते मला कुणीतरी दाखवावं. अमेरिकेतल्या श्रायनर नावाच्या मेसन गटाच्या लोकांनी १९२२ पासून मुलांची हॉस्पिटलं काढली, पैसे नाहीत म्हणून तिथे पोराला परत पाठवत नाहीत.

आपल्या मुंबईतही सगळं चांगलंच होतं असं नाही. युरोपियन लॉजने माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थाला दार बंद केलं होतं, तो पॅरिसला जाऊन मेसन झाला, आणि १८४३ मधे डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीयांना घेणारं रायझिंग स्टार लॉज काढलं. आज ग्रँड लॉज ऑफ इंडियामधे पाच धर्मग्रंथ असतात, गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि पारशांचा झेंद अवेस्ता. मिनिस्ट्रीवाले म्हणतात, बघा, सगळे धर्म सारखे केले. पण मी शपथ घेतली ती माझ्या बायबलवर हात ठेवून, आणि शेजारचा त्याच्या गीतेवर. त्याने मला माझा प्रभू सोडायला सांगितलं नाही, मी त्याला नाही.

पाळकांना माझी एकच विनंती आहे, तुमच्या मंडळीत कुणी मेसन असेल तर पुढच्या रविवारी त्याच्याविषयी प्रवचन करण्याआधी त्याला चहाला बोलवा आणि जे विचारायचं ते तोंडावर विचारा, तो उत्तर देईल.

एवढं बोलून थांबतो, नमस्कार.