‘लुकिंग फॉरवर्ड टू’च्या पुढे ‘मीट’ की ‘मीटिंग’?

नमस्कार. इंग्रजीतून नोकरीचा अर्ज किंवा कामाचा ईमेल लिहिणाऱ्या बहुतेक मराठी माणसांच्या हातून कधी ना कधी उतरलेले एक वाक्य मी आज फळ्यावर लिहून ठेवले आहे: ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.’ हे वाक्य आपल्या कानाला खटकत नाही, कारण ‘टू’च्या पुढे क्रियापदाचे मूळ रूप येते असे शाळेत आपल्या मनावर ठसवलेले असते. तरीही ते चूक आहे. तिथे ‘टू मीटिंग यू’ हवे. मी स्वतः कित्येक अर्जांच्या शेवटी हे चुकीचे वाक्य लिहिले आहे, आणि पुढे कोणी दुरुस्त केले तेव्हाही ‘इथे असेच लिहितात’ एवढेच उत्तर मिळाले. त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. कारण शोधत गेलो तेव्हा लक्षात आले की ते आपल्या मराठीच्या व्याकरणात आधीपासूनच आहे. फक्त तिकडे कोणी बोट दाखवलेले नव्हते.

मराठीत ‘घोडा’ या शब्दाला ‘वर’ जोडायचे असेल तर आपण ‘घोडावर’ म्हणत नाही, ‘घोड्यावर’ म्हणतो. शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. आता ‘जा’ या क्रियापदाला ‘बद्दल’ जोडून पाहा. ‘जाबद्दल’ होत नाही आणि ‘जातोबद्दल’ही होत नाही. आधी ‘जाणे’ हे धातुसाधित नाम करावे लागते, त्याचे ‘जाण्या’ असे सामान्यरूप होते, आणि मग ‘जाण्याबद्दल’ हा शब्द तयार होतो. म्हणजे शब्दयोगी अव्ययाला नाम लागते, आणि क्रियापदाला तिथे यायचे असेल तर नामाचा वेश घ्यावा लागतो. इंग्रजी प्रेपोझिशनची, म्हणजे ‘अबाउट’, ‘फ्रॉम’ अशा नामाला जोडून येणाऱ्या शब्दांची, मागणी नेमकी हीच आहे. फरक इतकाच की ते शब्दाच्या नंतर न येता आधी येते, आणि क्रियापदाचा नामवेश ‘इंग’ लावून तयार होतो. त्यालाच जेरंड म्हणतात. ‘ती जाण्याबद्दल बोलली’ म्हणजे ‘शी स्पोक अबाउट गोइंग’. ‘त्याने मला पडण्यापासून वाचवले’ म्हणजे ‘ही सेव्ह्ड मी फ्रॉम फॉलिंग’.

इथे मराठी इंग्रजीपेक्षा थोडी अधिक बारकाईने वागते, हेही सांगायला हवे. आपण ‘येण्यापूर्वी’ म्हणतो, पण ‘आल्यानंतर’ आणि ‘जेवल्याशिवाय’ म्हणतो. क्रिया पुरी झालेली असेल किंवा ती पुरी होण्यावर काही अवलंबून असेल तर आपले रूप बदलते. इंग्रजीचे काम मात्र एकाच रूपावर भागते: ‘बिफोर कमिंग’, ‘आफ्टर कमिंग’, ‘विदाउट ईटिंग’. म्हणून मनातल्या मराठी वाक्यात ‘ण्या’ दिसो किंवा ‘ल्या’, त्याला जोडून शब्दयोगी अव्यय असेल आणि इंग्रजीत तिथे प्रेपोझिशन येणार असेल, तर पुढे ‘इंग’ येते.

मग ‘टू’चे काय? सगळा गोंधळ या एका शब्दाचा आहे, कारण आजच्या इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एक प्रेपोझिशन आहे, म्हणजे ‘कडे’ किंवा ‘ला’. दुसरे म्हणजे ‘टू गो’, ‘टू ईट’ अशा इन्फिनिटिव्हची, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाची, केवळ खूण आहे. मुळात ही दोन्ही एकाच घरची. साधारण 1100 सालापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत ‘टू’ हे दिशा दाखवणारे प्रेपोझिशनच होते, आणि त्याच्या पुढे येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला आपल्या चतुर्थीसारखी विभक्ती लागत असे. आपला ‘करायला’ हा शब्द पाहिला की ही रचना लगेच समजते, कारण त्याच्याही शेवटी चतुर्थीचा ‘ला’ बसलेला आहे. पुढे इंग्रजीत तो विभक्तीचा प्रत्यय झिजून गेला, ‘टू’ मात्र उरला आणि हळूहळू आपला दिशेचा अर्थ बऱ्याच अंशी गमावून बसला. दुसरीकडे दिशा दाखवणारा ‘टू’ स्वतंत्रपणे चालूच राहिला. दोन्ही सारखेच लिहिले जातात, सारखेच उच्चारले जातात, आणि म्हणून आपली फसगत होते.

समोर आलेला ‘टू’ कोणता हे ओळखण्यासाठी त्याच्या पुढे एखादे साधे नाम ठेवून पाहावे. मी वर्गात नेहमी ‘दिवाळी’ हा शब्द घेतो. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’ हे वाक्य अगदी नीट बसते. म्हणजे इथला ‘टू’ प्रेपोझिशन आहे, आणि क्रियापद आणायचे असेल तर ‘मीटिंग’च आणावे लागेल. उलट ‘आय वॉन्ट टू दिवाळी’ असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे तिथला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा, आणि पुढे ‘मीट’ बरोबर.

हीच कसोटी ‘यूज्ड टू’ला लावली की दोन वेगळे अर्थ आपोआप सुटे होतात. ‘आय ॲम यूज्ड टू द हीट’, म्हणजे मला उकाड्याची सवय आहे. इथे नाम बसले, म्हणून ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह’ याचा अर्थ मला पाचला उठण्याची सवय आहे. ‘आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह’ या वाक्यात मात्र ‘ॲम’ नाही, ‘टू’च्या पुढे नाम ठेवता येत नाही, आणि अर्थही बदलतो: मी पूर्वी पाचला उठत असे, आता उठत नाही. मुलाखतीत या दोहोंची अदलाबदल झाली तर समोरच्या माणसाला आपल्या दिनचर्येबद्दल उलटीच माहिती मिळते.

आता विशेषणांकडे येऊ. इंग्रजी विशेषण आपले प्रेपोझिशन स्वतः निवडते आणि त्यात मराठीचा सल्ला नेहमी उपयोगी पडत नाही. आपण ‘चित्र काढण्यात हुशार’ म्हणतो, म्हणून तोंडात ‘गुड इन ड्रॉइंग’ येते. इंग्रजीत ते ‘गुड ॲट ड्रॉइंग’ आहे. आपले लग्न कोणाशी तरी होते, म्हणून आपण ‘मॅरिड विथ’ म्हणतो. तिथे ‘मॅरिड टू’ हवे. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’, ‘केपेबल ऑफ’, ‘इंटरेस्टेड इन’ या जोड्या त्यांच्या प्रेपोझिशनसकट लक्षात ठेवण्यावाचून मार्ग नाही. परंतु प्रेपोझिशन एकदा कळले की पुढचे क्रियापद ‘इंग’नेच येणार, हे निश्चित असते.

काही विशेषणे मात्र दोन्ही वाटांनी जातात, आणि इथे मराठी फार सुंदर मदत करते. ‘अफ्रेड’ हा शब्द घ्या. ‘तिला पडण्याची भीती वाटते’ आणि ‘तिला उडी मारायला भीती वाटते’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचा. पडणे ही तिच्यावर ओढवू शकणारी गोष्ट आहे. उडी मारणे हे तिने स्वतः करायचे आणि भीतीने न केलेले काम आहे. इंग्रजी हाच फरक करते: ‘शी इज अफ्रेड ऑफ फॉलिंग’, परंतु ‘शी इज अफ्रेड टू जम्प’. ‘ण्याची’ तिथे ‘ऑफ’ आणि जेरंड, ‘आयला’ तिथे ‘टू’ आणि इन्फिनिटिव्ह. ‘सॉरी’चेही तसेच आहे. ‘ओरडल्याबद्दल माफ करा’ म्हणजे ‘सॉरी फॉर शाउटिंग’, आणि ‘ऐकून वाईट वाटले’ म्हणजे ‘सॉरी टू हिअर दॅट’.

एका जागी मात्र मराठीवर विसंबू नये, आणि ती जागा म्हणजे ‘साठी’. ‘मी शिकण्यासाठी पुण्याला आलो’ या वाक्यात ‘ण्या’ही आहे आणि शब्दयोगी अव्ययही आहे, म्हणून वरच्या नियमाने आपण ‘आय केम टू पुणे फॉर स्टडीइंग’ असे लिहितो. पण माणसाचा हेतू सांगताना इंग्रजीत इन्फिनिटिव्ह येते: ‘आय केम टू पुणे टू स्टडी’. ‘साठी’च्या अर्थाने ‘फॉर’ आणि जेरंड ही जोडी येते ती वस्तूचा उपयोग सांगताना: ‘धिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड’, ही सुरी पाव कापण्यासाठी आहे. मराठीत दोन्हीकडे ‘साठी’ चालते, आणि म्हणूनच ही चूक व्याकरण चांगले असलेल्या माणसाकडूनही होते. अशा वेळी ‘शिकण्यासाठी’च्या जागी ‘शिकायला’ ठेवून पाहावे. ‘मी शिकायला पुण्याला आलो’ हे सहज वाटले की समजावे, इथे ‘टू स्टडी’ हवे. याखेरीज ‘बट’ आणि ‘एक्सेप्ट’ हे दोन शब्द प्रेपोझिशन असूनही त्यांच्या पुढे इन्फिनिटिव्ह चालते, जसे ‘आय हॅड नो चॉइस बट टू वेट’. ती जुनी वहिवाट आहे आणि तेवढी ध्यानात ठेवली की पुरे.

शेवटी एक रचना, जी आपल्या लेखनात हमखास अपुरी राहते. ‘बसायला खुर्ची’ याचे इंग्रजी आपण ‘अ चेअर टू सिट’ असे करून थांबतो, कारण मराठीत पुढे काही लागत नाही. इंग्रजीत माणूस खुर्चीवर बसतो, आणि तो ‘वर’ गाळता येत नाही: ‘अ चेअर टू सिट ऑन’. त्याच न्यायाने ‘अ पेन टू राइट विथ’ आणि ‘अ हाउस टू लिव्ह इन’. आता फळ्यावरचे हे वाक्य पाहा: ‘शी इज ईझी टू टॉक टू’, म्हणजे तिच्याशी मोकळेपणाने बोलता येते. यातला पहिला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा आहे. दुसरा ‘टू’ प्रेपोझिशन आहे, आपल्या ‘तिच्याशी’मधला ‘शी’. त्याचे सर्वनाम वाक्याच्या सुरुवातीलाच इंग्रजी ‘शी’ (म्हणजे ‘ती’) म्हणून येऊन बसले आहे, म्हणून त्याच्या पुढे काही उरलेले नाही.