गिरणाकाठची चॅरिटी रन: टी-शर्टच्या आधी रस्ता

राम राम मंडळी!

माझ्या मागे बघा. एका अंगाला गिरणा नदी, दुसऱ्या अंगाला केळी, मधून बैलगाडीची चाकोरी. पोस्टरला याच्यापेक्षा भारी फोटो मिळायचा नाही. आणि आमची पहिली चॅरिटी रन, म्हणजे अभ्यासिकेसाठी पैसे जमवायची रेस, फसली ती नेमकी याच जागेवर.

(टेप जमिनीवर धरून दाखवतो)

साडेसहा फूट. बस्स. आणि आम्ही तीनशे जण एकदम सोडले होते. पहिला किलोमीटर डांबरी होता, मजेत गेला. इथे आल्यावर पुढचे पळतायत, मागचे उभे, मधले एकमेकांच्या टाचा तुडवतायत. त्यात त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. शेजारच्या शेतात रात्री पिकाला बारं (पाणी) देताना पाणी फुटलं आणि चाकोरीचा चिखल झाला. एक काका सपशेल आडवे झाले. हसत उठले, म्हणून निभावलं.

चूक त्या शेतकऱ्याची नव्हती बरं का. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही टी-शर्टचा रंग ठरवण्यात तीन मीटिंगा घालवल्या होत्या.

तर गर्दीवर उपाय सोपा आहे. पन्नास-पन्नासच्या बॅच करा, तीन-तीन मिनिटांनी सोडा. तीनशे जणांच्या सहा बॅच, म्हणजे शेवटची बॅच पहिलीनंतर १५ मिनिटांनी निघते. फास्ट पळणारे पुढे, लेकरं घेऊन आलेले मागे. प्रत्येक बॅचच्या बिबला, म्हणजे छातीवरच्या नंबरच्या कागदाला, वेगळा रंग द्या, म्हणजे शेवटी वेळेतून किती मिनिटं वजा करायची ते रंगावरूनच कळतं. एवढ्याशा रेसला वेळ मोजणाऱ्या चिपचा खर्च कशाला?

आता तारीख. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच. मार्चनंतर खान्देशात सकाळी आठलाच ऊन चटके देतं, लोकांना पळवायचं की भाजायचं? पण जानेवारीत इथे सूर्य उगवायला सात वाजतात. पुण्या-मुंबईच्या रेस पहाटेच सुटतात म्हणून आपणही सोडल्या, तर या चाकोरीत अंधारात पाय मुरगळतील. सव्वासात ठेवा.

आणि एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सुचणारच नाही: आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीपाळीने सोडलेलं पाणी. गिरणा धरण वर नांदगाव तालुक्यात. तिथून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच जामदा बंधाऱ्याकडे आणि पुढे खाली येतं. आभाळात ढग नसतो आणि काल कोरडी असलेली नदी आज वाहत असते. तुमची वाट पात्रातून पलीकडे जात असेल तर पाटबंधारेवाल्यांना विचारल्याशिवाय पोस्टर छापू नका. पोलीस आणि ग्रामपंचायत यांची परवानगी तर लागतेच, ते काही सांगायला नको.

आता माझा आवडता भाग. दहा किलोमीटर म्हणजे खरंच दहा का? घड्याळाच्या जीपीएसवर जाऊ नका. झाडीत आणि वळणावर ते भरकटतं. चार जणांची चार घड्याळं चार आकडे दाखवतील. जगभर रेसचे रस्ते सायकलने मोजतात. चाकाला फेरे मोजणारा काउंटर लावतात. आधी स्टीलच्या टेपने सरळ रस्त्यावर ३०० मीटर मोजून घ्यायचे, त्यावरून सायकल चार वेळा न्यायची आणि एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचं. मग अख्खा रस्ता. वळणावर रस्त्याच्या मधून जायचं नाही, आतल्या कडेपासून साधारण एक फूट सोडून जायचं, कारण पळणारा तिथूनच पळणार. आणि किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरायचा. दहा किलोमीटरला दहा मीटर. रस्ता कमी भरला तर सगळ्यांची वेळ वाया, दहा मीटर जास्त झाला तर कोणाचं काही जात नाही.

गंमत ऐका. सकाळच्या गारठ्यात टेपवर सायकल फिरवली आणि रस्ता दुपारी मोजला. उन्हाने टायरमधली हवा फुगली, चाक मोठं झालं, आकडा बदलला! म्हणून रस्ता मोजून झाला की परत त्याच ३०० मीटरवर या आणि पुन्हा ताडून बघा.

मोजतानाच दर किलोमीटरला चुन्याने मोठा आकडा टाका. कोणी पडलं तर 'पाचच्या पुढे, सहाच्या अलीकडे' एवढं फोनवर सांगता येतं. अॅम्ब्युलन्स या चाकोरीत शिरणार नाही. मोटरसायकलवर प्रथमोपचाराचा माणूस ठेवा, अॅम्ब्युलन्स डांबरी रस्त्यावर. १०८ आहेच, पण ती तुमच्यासाठी दिवसभर उभी राहील असं धरून चालू नका. आणि पुलाखाली, मोठ्या झाडांवर मान वर करून आग्या मोहळ बघा. असेल तर तिथे ना डीजे, ना फटाके, ना ड्रोन. यात चेष्टा नाही.

पाणी दर दोन-अडीच किलोमीटरला. जार आणि स्टीलचे ग्लास. नदीकाठी बाटल्या वाटल्या तर दुसऱ्या दिवशी नदीतून वेचाव्या लागतात. सोबत अर्धं-अर्धं केळ. साल टाकायला टोपली मात्र टेबलापुढे पन्नास पावलांवर ठेवा, टेबलाजवळ नाही. खात-खात माणूस तेवढा पुढे जातोच.

पैशांचं थोडक्यात. तुमचा नोंदणीकृत ट्रस्ट नसेल आणि धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करणार असाल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१ क वाचा. गणपती मंडळं ज्याखाली परवानगी काढतात तेच. आणि फॉर्मवरच लिहा, चारशेच्या फीतले किती रुपये टी-शर्ट-मेडलला आणि किती अभ्यासिकेला. आम्ही टी-शर्ट ऐच्छिक केला. दोन जण रुसले, बाकी कोणी विचारलंही नाही.

आणि तो शेतकरी? यंदा मी महिनाभर आधी त्याच्या बांधावर गेलो. लांबूनच ओरडला, "कथा चालना रे भो?" (कुठे चाललास रे भाऊ?) सगळं सांगितलं. म्हणाला, लाईट रात्रीची असली तर रेसच्या आदल्या रात्री मोटर नाही लावत. मग विचारतो, पाण्याचं टेबल कुठे टाकताय? त्याच्याच विहिरीवर टाकलं.

तुम्हाला रेस घ्यायची असेल तर या रविवारी एकटेच रस्ता चालून या. टेप आणि वही घ्या. सगळ्यात अरुंद जागा किती फूट आणि तिथलं शेत कोणाचं, एवढंच लिहून आणा आणि खाली कमेंटमध्ये टाका. बॅच किती करायच्या ते आपण तिथेच काढू.