त्याच गावात पुन्हा

[दृश्य : जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा. सकाळची वेळ. भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्या.]

मान टेकायला मागे शाळेची भिंत आहे आणि उजेडाला डोक्यावर बांधलेली बॅटरी. उभा जन्म दवाखान्यात काम केलेले हे दंतवैद्य आता अशा व्हरांड्यात पेशंट तपासतात.

"भाऊ, तोंड उघडा. अजून थोडं. आता तुमचीच तीन बोटं एकावर एक धरून उभी घाला आत."

निरोगी माणसाची तीन बोटं सहज जातात. या तरुणाची दोनसुद्धा जात नाहीत.

"तिखट झोंबतं का?"

"लय झोंबते, डॉक्टरसाहेब."

"खर्रा कधीपासून?"

"शाळेत होतो तवापासून."

[दृश्य : पानठेला. पन्नीत घोटला जाणारा खर्रा.]

सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा तयार. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीत तो पाहुण्यालाही दिला जातो. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठत जातात. अस्तर पांढरट आणि ताठ होतं, आणि जबडा हळूहळू मिटत जातो. १९५२ साली केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराची नोंद झाली आणि १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन केलं. 'नुसती सुपारीच तर आहे' असं अजूनही घरोघरी म्हटलं जातं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगकारक ठरवली आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ तंबाखू चघळणारे, दातांना लावणारे किंवा नाकात ओढणारे असे धूर न काढता तंबाखू घेणारे निघाले.

[दृश्य : नागपूर. दंत महाविद्यालयाचा परिसर.]

नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली सुरू झालं. सुरुवातीच्या वर्षांतले विद्यार्थी आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. कुणी दवाखाना मुलाकडे किंवा सुनेकडे सोपवला, कुणी शटर कायमचं खाली ओढलं. डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, हाताला बारीक कंप. रूट कॅनॉल आता त्यांनी करू नये, आणि ते करतही नाहीत. पण गालाच्या आतून फिरणाऱ्या बोटाला गाठ अजून कळते. दोन आठवडे उलटूनही न भरलेली जखम कोणती, तुकडा तपासायला पाठवावा असा लाल चट्टा कोणता, हे त्या डोळ्यांना अजून नेमकं दिसतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. एका दिवसाचं शिबिर, मंडप, सत्कार, फुकटची टूथपेस्ट, दुपारपर्यंत उपटलेल्या दातांचा आकडा, एवढ्याने तोंडाचं आरोग्य सुधारत नाही. खर्रा सोडलेल्या माणसाला तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करावे लागतात. मिटलेला जबडा बहुधा पूर्ण पूर्ववत होत नाही, तो आणखी मिटू नये म्हणून झटायचं असतं. यासाठी कुणीतरी दर महिन्याला पट्टी घेऊन यावं लागतं, माप घ्यावं लागतं, "पुन्हा खाल्लास ना?" असं हक्काने विचारावं लागतं. ज्याचा दवाखाना जोरात चालू आहे त्या डॉक्टरला ही सवड नसते. निवृत्ताला ती असते.

[दृश्य : मेणात बसवलेले दात. आजींच्या ओठांपाशी डॉक्टरांचा हात.]

कवळीचंही तेच. माप, चाव्याची उंची, मेणातली ट्रायल, मग पक्की कवळी, आणि खरी परीक्षा त्यानंतरच्या आठवड्यात. हिरडीला कुठेतरी टोचतं, तिथे घासून द्यावं लागतं. घासायला कुणी आलंच नाही तर कवळी ट्रंकेत जाऊन पडते आणि आजी पुन्हा दुधात भाकर कुस्करून खायला लागते. या पिढीने विद्यार्थिदशेत प्लास्टर ओतण्यापासून मेणात एकेक दात बसवण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने केलेलं आहे. ती कारागिरी आज वऱ्हाडातल्या एखाद्या आजीच्या ताटापर्यंत पोचते, याचं मोल कुठल्याही पदकाहून मला मोठं वाटतं.

[दृश्य : फोनवर बोलणारे डॉक्टर.]

एका कॉलेजातून शिकून गेल्याचा खरा उपयोग इथे होतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कुणीतरी ज्युनिअर असतो, दंत महाविद्यालयात शिकवणारी एखादी जुनी विद्यार्थिनी असते. "बाळ, एक पेशंट पाठवतोय, आजच बघ." चिठ्ठी हातात देऊन पाठवलेला माणूस अर्ध्या वाटेवरून घरी परततो. ज्याच्यासाठी सरांचा फोन गेला, तो बहुधा पोचतो. गाठ संशयास्पद असली तर त्याला नागपुरातल्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयापर्यंत कसं जायचं, सोबत कोण येणार, मजुरी बुडेल तिचं काय, हेही व्हरांड्यातच ठरवून घ्यावं लागतं.

निवृत्त दंतवैद्य हे पाहत असतील, तर त्यांना एवढंच सांगणं आहे. खुर्ची आणि यंत्रं लागत नाहीत. आरसा, बॅटरी, हातमोजे आणि नूतनीकरण केलेली नोंदणी पुरते. जवळचं एक गाव निवडा, तिथल्या आशाताईंना तीन बोटांची तपासणी शिकवा, आणि पुढच्या महिन्याची तारीख त्यांना आजच देऊन या.