शेतं वाकवली तेव्हा ओढा निवळला

नमस्कार. टेबलावर दोन पत्र्याचे ट्रे ठेवलेत. दोन्हींत एकाच शेतातली माती आहे आणि दोन्ही सारखेच कललेत. डावीकडच्या ट्रेमध्ये मी बोटानं वरून खाली रेघा ओढल्यात, उजवीकडच्या ट्रेमध्ये आडव्या. फरक तेवढाच. आता झारीनं दोन्हींवर एक-एक लिटर पाणी घालते.

(झारी. जवळून शॉट. दोन्ही ट्रेंखालची काचेची भांडी दिसू द्या.)

डावीकडचं भांडं बघा, दुधाळ चहासारखं पाणी आहे आणि तळाला गाळ बसायला लागलाय. उजवीकडे पाणी प्रत्येक रेघेत अडलं, मुरलं, आणि उरलेलं थोडंसं खाली आलं. तेही बऱ्यापैकी निवळ.

आपल्याकडे उताराला आडवी पेरणी करा, हे शेतकऱ्याला नव्यानं सांगावं लागत नाही. पण 1933 मध्ये अमेरिकेतल्या एका अख्ख्या दरीला ही गोष्ट शेतावर आणायची होती, आणि त्यासाठी त्या लोकांना आपल्या शेतांचे आकारच बदलावे लागले. आजचा व्हिडिओ त्या दरीबद्दल आहे. तिचं नाव कून व्हॅली, राज्य विस्कॉन्सिन.

अमेरिकेतली जमिनीची धूप म्हटलं की आपल्याला काळ्या धुळीच्या वादळांचे फोटो आठवतात. कॅन्सस, ओक्लाहोमा, 1930 चं दशक. ती वादळं खरीच होती. पण जिथे पाऊस भरपूर पडतो, त्या पूर्वेकडच्या आणि मधल्या राज्यांत माती पाण्याबरोबर जात होती, आणि तिचा गाजावाजा होत नव्हता.

हे ज्यानं फार आधी ओळखलं, तो माणूस म्हणजे ह्यू हॅमंड बेनेट. नॉर्थ कॅरोलायनातल्या शेतकऱ्याचा मुलगा. 1905 मध्ये तो सरकारी मृदा सर्वेक्षणासाठी व्हर्जिनियातल्या लुइसा काउंटीत फिरत होता. तिथे त्याला शेजारी-शेजारी दोन तुकडे दिसले. एकावर जंगल, माती भुसभुशीत आणि ओल धरून असलेली. दुसऱ्यावर कित्येक वर्षं शेती झालेली, आणि तिथे कडक चिकणमाती वर आलेली. मुळात दोन्हीकडे माती एकच होती. शेतातला वरचा थर गेला कुठे? घळ नाही, ओघळ नाही. दर पावसात कागदाच्या जाडीचा पापुद्रा सुटत गेला आणि खालची चिकणमाती उघडी पडली. आपल्या कृषीच्या पुस्तकांत याला सालकाढी धूप म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. खरोखरच जमिनीची साल निघते, आणि मालकाला कळतसुद्धा नाही.

1933 मध्ये बेनेटच्या हाताखाली सरकारचं धूप-नियंत्रण खातं सुरू झालं. 1935 च्या कायद्यानं त्याचं मृद संधारण सेवा या कायम खात्यात रूपांतर झालं आणि बेनेट त्याचा पहिला प्रमुख झाला. पाणलोटावर काम करून दाखवायचा पहिला प्रयोग त्यानं कून व्हॅलीत घेतला.

(नकाशा: विस्कॉन्सिनचा नैर्ऋत्य कोपरा.)

ही दरी अशा पट्ट्यात आहे जिथे हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी जमीन सपाट केली नाही. त्यामुळे उंच डोंगरसोंडा, तीव्र उतार आणि तळाशी अरुंद दऱ्या. तिथे मोठ्या संख्येनं नॉर्वेहून आलेली शेतकरी कुटुंबं होती. आधी गहू, मग दूधधंदा.

आता गोम बघा. अमेरिकेत 1785 च्या कायद्यानं जमीन चौकोनांत मोजली गेली, एक मैल लांब, एक मैल रुंद, म्हणजे 640 एकर. मग त्याचे पाव भाग. डोंगर असो की दरी, रेषा सरळ. शेत चौकोनी म्हणून कुंपण चौकोनी, आणि कुंपण चौकोनी म्हणून नांगर कुंपणाच्या कडेनं सरळ वर आणि सरळ खाली. माझा डावीकडचा ट्रे. सपाट प्रदेशात हे खपून गेलं. कून व्हॅलीत नांगराच्या प्रत्येक तासाची नाली झाली. त्यात डोंगरउतारावरच्या झाडीत गाई चरायला सोडलेल्या, म्हणजे जिथे पाणी सगळ्यात आधी अडायला हवं तिथली जमीन खुरांनी घट्ट झालेली. पाऊस झाला की लोंढा खाली. शेतांत घळी पडल्या आणि खालच्या गावांत रस्ते, पूल गाळाखाली गेले.

सुमारे 90 हजार एकरांचं पाणलोट. सरकारनं सक्ती केली नाही. करार मांडला. शेतकऱ्यानं पाच वर्षं ठरलेल्या आराखड्याप्रमाणे शेती करायची. सरकारनं बियाणं, चुना, खत, कुंपणाची तार आणि मजूर द्यायचे. मजूर कोण, तर मंदीत बेकार झालेली तरुण मुलं. त्यांना महिन्याला 30 डॉलर मिळत, त्यातले 25 घरी पाठवले जात. चारशेहून जास्त शेतकऱ्यांनी सह्या केल्या.

आराखड्यात सगळ्यात अवघड काम कुंपणाचं होतं. जुनी चौकोनी कुंपणं उपटायची आणि डोंगराच्या वळणाप्रमाणे नवी घालायची. शेताच्या आत समपातळी रेषेवर, म्हणजे उतारावर एकाच उंचीवरून जाणाऱ्या रेषेवर, वळणदार पट्टे आखायचे. एक पट्टा मक्याचा, त्याखाली ओट, त्याखाली लसूणघास किंवा क्लोव्हरसारखं चाऱ्याचं पीक, मग पुन्हा मका. मक्याच्या ओळींतून सुटलेलं पाणी चार पावलांवर दाट चाऱ्यात शिरतं, मंदावतं आणि माती तिथेच टाकतं. पुढच्या वर्षी पिकं फिरवायची.

हे टिकलं कशामुळे, ते नीट समजून घ्या. तिथली जमीन आम्लधर्मी होती, लसूणघास तिथे चुन्याशिवाय येत नव्हता. सरकारनं चुना दिला, म्हणून लसूणघास आला. लसूणघास आला म्हणून गाईंना पट्ट्यातलाच चारा मिळाला. चारा मिळाला म्हणून गाई डोंगरावरच्या झाडीतून काढता आल्या. माझ्या मते कून व्हॅलीचं यश या साखळीत आहे. माती वाचवण्याचं काम दुधाच्या हिशेबात बसलं, म्हणून शेतकऱ्यानं ते स्वतःचं मानलं.

(फोटो: वळणदार पट्टे.)

पुढे या दरीचं मोजमाप झालं. 1938 मध्ये खात्यानं दरीच्या आडव्या छेदांची मापं नोंदवली होती. काही दशकांनी भूगोलाचे अभ्यासक स्टॅन्ली ट्रिंबल त्याच जागी परत गेले. 1999 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की 1975 ते 1993 या काळात दरीत गाळ साठण्याचा वेग 1930 च्या दशकातल्या वेगाच्या फक्त 6 टक्के राहिला होता. वर मुरलेलं पाणी झऱ्यांतून थंड होऊन ओढ्यात येऊ लागलं आणि ट्राउट मासा तिथे पुन्हा नैसर्गिकरीत्या वाढू लागला.

आता थोडं विज्ञान. 1940 च्या दशकापर्यंत धूप म्हणजे वाहत्या पाण्याचं काम, असंच मानलं जाई. मग इलिसन नावाच्या संशोधकानं दाखवलं की पहिला घाव थेंबाचा असतो. मोठा थेंब ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेगानं उघड्या मातीवर आदळतो, कण उडवतो आणि मातीची छिद्रं बुजवतो. त्यानंतर पाणी वाहतं. म्हणूनच जमिनीवर पिकाचं किंवा पाल्याचं पांघरूण लागतं.

1954 नंतर परड्यू विद्यापीठात वॉल्टर विशमायर आणि ड्वाइट स्मिथ यांनी देशभरच्या प्रयोग-वाफ्यांच्या नोंदी एकत्र केल्या. असा एक वाफा 72.6 फूट लांब आणि 6 फूट रुंद, म्हणजे बरोबर एकराचा शंभरावा भाग. त्यातून पाऊस, माती, उताराची लांबी, उताराची तीव्रता, पीक आणि उपाय या सहा गोष्टींचा गुणाकार करून वर्षाची धूप काढायचं समीकरण तयार झालं. ते भारतातही वापरतात. तसंच जमिनीचे एक ते आठ असे क्षमतावर्ग, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरावी ते सांगणारे वर्ग, जे नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेच्या नकाशांत दिसतात, तेही बेनेटच्या मृद संधारण सेवेच्या पद्धतीवरून आलेत.

एका बाबतीत मात्र माझं त्या खात्याशी पटत नाही. चांगल्या खोल जमिनीसाठी त्यांनी एकरी वर्षाला 5 टनांपर्यंतची धूप चालेल असं धरलं. एक एकरावरचा एक इंच थर साधारण 150 टन भरतो. म्हणजे 30 वर्षांत एक इंच माती गेली तरी कागदावर सगळं ठीक. माती तितक्या झपाट्यानं तयार होत नाही.

चुकाही झाल्या. दक्षिणेत घळी झाकायला कुडझू नावाची जपानी वेल सरकारनं पैसे देऊन लावायला लावली. ती झाडांवर चढून त्यांना गुदमरवायला लागली, आणि 1953 मध्ये शिफारशीच्या यादीतून काढावी लागली.

1954 मध्ये छोट्या पाणलोटांसाठी कायदा झाला आणि ओढ्यांच्या वरच्या अंगाला मातीची धरणं उभी राहू लागली. अशा योजनांतून देशभर 11 हजारांहून जास्त धरणं झाली. कून व्हॅलीच्या वरही झाली. पूर खरंच कमी झाले. मग 1970 च्या दशकात धान्याचे भाव चढले, कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा असा नारा आला आणि कित्येक ठिकाणी जुने बांध, झाडांच्या रांगा नांगराखाली गेल्या. कून व्हॅलीतले पट्टे त्यातून बरेचसे वाचले, कारण गाई होत्या. आता तिथले लहान गोठे बंद पडतायत. चारा नको झाला की चाऱ्याचा पट्टा जातो, आणि मका-सोयाबीन डोंगरभर पसरतं.

27 ऑगस्ट 2018 च्या रात्री त्या भागात प्रचंड पाऊस झाला आणि कून क्रीक, म्हणजे या दरीतला ओढा, व शेजारच्या पाणलोटातली पाच धरणं फुटली. भराव टिकला, पण तो ज्या भेगाळ वालुकाश्माच्या डोंगराला टेकवला होता तिथून पाण्यानं वाट काढली. मग प्रश्न उभा राहिला, धरणं पुन्हा बांधायची की काढून टाकायची, आणि काढली तर वरच्या शेतांत पाणी मुरवायचं काम कोण करणार. दरीतल्या शेतकऱ्यांनी आणि रहिवाशांनी त्यासाठी स्वतःची पाणलोट परिषद उभी केली आहे.

व्हिडिओ संपला की उपग्रह नकाशावर कून व्हॅली, विस्कॉन्सिन शोधा. गावापासून थोडं डोंगरमाथ्याकडे सरका. हिरव्या-पिवळ्या वळणदार पट्ट्या दिसतील, आणि मधूनच एखादं शेत दिसेल जिथे पट्ट्या नाहीत, सगळा एकच रंग आहे. तशी शेतं किती दिसली, ते मोजून मला कॉमेंटमध्ये सांगा.