हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज: पौड रोड ते खोपोली

(दृश्य: पुणे, वेताळ टेकडी. सकाळची वेळ, चालायला आलेली माणसं. खाली कोथरूडच्या इमारती.)

या टेकडीला निम्मं पुणे 'एआरएआय टेकडी' म्हणतं. कारण इथे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. गाडीच्या जाहिरातीत लिटरला किती किलोमीटर हा जो आकडा छापतात, तो अशाच प्रयोगशाळांमधून येतो. गाडी रोलरवर उभी करतात. चाकं जागच्या जागी फिरतात. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं, पुन्हा निघायचं. सगळा खेळ साधारण २० मिनिटांचा. वेग ताशी ९०च्या पुढे जात नाही आणि एसी बंद असतो.

मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर या गाड्या आतून जवळपास एकच. त्यांच्या स्ट्राँग हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेल्या, काही वेळ नुसत्या विजेवरही चालणाऱ्या गाडीचा, जाहीर आकडा आहे लिटरला २७.९७ किलोमीटर. होंडा सिटीची हायब्रिड २०२२ मध्ये आली तेव्हा कंपनीने २६.५ सांगितला होता. रोलरवर खड्डे नसतात, मध्येच घुसणारी रिक्षा नसते, चांदणी चौकही नसतो. त्यामुळे शोरूममधून बाहेर पडल्यावर हा आकडा मिळणं न मिळणं बरंचसं चालवणाऱ्याच्या उजव्या पायावर अवलंबून राहतं.

(दृश्य: पौड रोड. गाडीच्या आतून. डॅशबोर्डवर हिरवी 'ईव्ही' अक्षरं.)

नवी हायब्रिड घेतलेला माणूस पहिले काही आठवडे रस्त्यापेक्षा स्क्रीनवरचे, ऊर्जा कुठून कुठे जातेय ते दाखवणारे बाण जास्त बघतो. गाडी नुसत्या विजेवर चालली की 'ईव्ही'चा हिरवा दिवा लागतो आणि त्याला वाटतं, आता आपण फुकटात चाललोय. मग तो दिवा विझू नये म्हणून गाडी मुंगीच्या पावलांनी नेतो आणि मागचे हॉर्न वाजवून हैराण होतात.

पण या गाडीला चार्जिंगचा प्लग नाही. बॅटरीत जी वीज आहे ती शेवटी पेट्रोलमधूनच आलेली आहे. इंजिनाने जनरेटर फिरवला, वीज बॅटरीत गेली, बॅटरीतून मोटरकडे आली, मोटरने चाकं फिरवली. प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी गळती. तेव्हा निव्वळ दिवा हिरवा ठेवण्यासाठी बॅटरी रिकामी केली, तर पुढच्या चौकात इंजिन सुरू होऊन ती भरत बसतं आणि हिशोब तोट्यात जातो.

मग हायब्रिडचा फायदा नेमका कुठे? दोन ठिकाणी. सिग्नलला आणि रांगेत सरकताना साधं इंजिन पेट्रोल नुसतं जाळत राहतं, हायब्रिडमध्ये ते आपोआप बंद होतं. आणि एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उडून जाणाऱ्या वेगातला काही भाग विजेच्या रूपाने परत मिळतो. काही भाग, सगळा नाही. ब्रेक मारून वीज मिळवण्यात शहाणपण नाही, ब्रेक मारायची वेळच कमी आणण्यात आहे. समोरचा सिग्नल लाल दिसतोय तर दोनशे मीटर आधी पाय उचला. गाडी घरंगळत पोचेपर्यंत बहुतेकदा हिरवा होतो आणि तुम्ही थांबतच नाही. थांबावंच लागलं, तर ब्रेक लवकर आणि हलका दाबा. हलक्या ब्रेकला मोटरच जनरेटर होऊन वीज बनवते. शेवटच्या क्षणी करकचून दाबलात तर काम डिस्क ब्रेककडे जातं आणि वीज नाही ती नाहीच.

(दृश्य: डॅशबोर्डचा क्लोजअप. 'चार्ज', 'इको', 'पॉवर' असे पट्टे असलेला मीटर.)

निघताना पाय किती दाबायचा? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. अगदी हळू निघालं की पेट्रोल वाचतं असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. हायब्रिडचं इंजिन वेगळ्या धाटणीचं असतं. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८२ मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेवर ते बेतलेलं. ताकद थोडी कमी, पण पेट्रोलमधली उष्णता जास्त वसूल करणारं. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस आणली तेव्हापासून कंपनी हाच मार्ग धरून आहे. २०१५च्या प्रियसमध्ये या इंजिनाची उष्णतेचं कामात रूपांतर करण्याची कमाल क्षमता ४० टक्क्यांवर गेली.

हे इंजिन अर्धवट ओझ्यावर रखडत चाललं की खर्चिक ठरतं, बऱ्यापैकी ओझं मिळालं की काटकसरी. म्हणून मीटरचा काटा 'इको'च्या वरच्या भागात ठेवून ठामपणे वेग घ्या, 'पॉवर'मध्ये मात्र जाऊ देऊ नका. पन्नास-पंचावन्नला पोचलात की पाय क्षणभर पूर्ण उचला. इंजिन बंद होईल. मग पुन्हा अगदी हलका दाबा, इतका की बॅटरीत वीज जातही नाही आणि तिथून निघतही नाही. गाडी नुसती सरकत राहते. वेग चाळीसवर आला की पुन्हा तेच. मायलेजवेडे चालक यालाच 'पल्स अँड ग्लाइड' म्हणतात. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर मजा येते. संध्याकाळी कर्वे रोडवर, मागे पीएमपीची बस असताना, करू नका. चार थेंब पेट्रोलसाठी कोणाच्या शिव्या कशाला घ्यायच्या.

गार इंजिनाचं मात्र काही चालत नाही. सकाळी निघाल्यावर ते स्वतःला आणि धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला गरम करायला सुरू होतंच. दूध, इस्त्रीचे कपडे, बँक अशा तीन चकरा वेगवेगळ्या मारण्यापेक्षा एकाच फेरीत उरका.

एसीचंही सांगून टाकू. या गाड्यांत कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून सिग्नलला इंजिन बंद असूनही गारवा टिकतो. पण तो बॅटरी खातो. मे महिन्यात काचा उघडून आधी आतली गरम हवा जाऊ द्या, मग तापमान २५-२६ वर ठेवा. आणि अनेक हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून जाते. त्या जाळीवर पिशव्या आणि उशा रचू नका.

(दृश्य: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. ड्रोनमधून.)

शहरात जिंकणारी हायब्रिड एक्स्प्रेस वेवर साध्या पेट्रोल गाडीच्या जवळ येते. इथे ब्रेकच लागत नाहीत, मग परत काय मिळणार? इथे शत्रू म्हणजे हवा. वेग ८० वरून १०० केला की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. सपाट रस्त्यावर मोटारींना १००ची मर्यादा आहे. डावीकडून ८०-८५ने गेलात तर स्क्रीनवर फरक लगेच दिसेल. टपावर रिकामं कॅरिअर असेल तर उतरवून ठेवा. टायरमधली हवा निघण्याआधी, टायर गार असताना बघा. किती हवी ते दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

(दृश्य: खंडाळा. बोर घाट. उतारावर गाड्यांची रांग.)

आता घाट. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे साडेपाचशे मीटर खाली येतो. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून दीड टन धरा. एवढं वजन तेवढं खाली आणलं की सव्वादोन युनिटच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. टायर आणि हवा त्यातली काही खातात. उरलेलीला जागा किती? ग्रँड व्हिटाराची बॅटरी अवघी पाऊण युनिटची, आणि आयुष्य टिकावं म्हणून गाडी ती कधीच तळापासून काठापर्यंत वापरत नाही. म्हणजे वरून हंडाभर पाणी येतंय आणि खाली धरलाय तांब्या.

अर्ध्या उतारातच तो भरतो. मग इंजिनाचा आवाज अचानक चढतो. एक्सिलरेटरवर पाय नाही आणि गाडी ओरडतेय, म्हणून अनेक जण घाबरतात. बिघाड काही नसतो. बॅटरीत जागा उरली नाही म्हणून गाडी जास्तीची वीज इंजिन फिरवण्यात घालवते, एक थेंबही पेट्रोल न जाळता. गिअर लिव्हरवर 'बी', म्हणजे इंजिनाच्या ओढीने वेग रोखणारा गिअर असेल तर मोठ्या उतारावर तो टाका. ब्रेक तापत नाहीत. सपाटीवर आलात की परत 'डी', म्हणजे नेहमीचा पुढे जायचा गिअर, कारण तिथे 'बी' अ‍ॅव्हरेज पाडतो.

आणि न्यूट्रल? ट्रकवाल्यांकडून उचललेली ही सवय हायब्रिडमध्ये धोक्याची आणि शिवाय तोट्याचीही. न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. उतारावर मिळणारी वीज गेली आणि सगळा भार ब्रेकवर आला. सिग्नललाही 'डी'तच थांबा.

(दृश्य: खोपोलीचा पेट्रोल पंप. टाकी फुल होताना.)

खोपोलीला पोचल्यावर स्क्रीनवर जो आकडा दिसेल त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा मोह होईल. जरा थांबा. त्यात घाटाचा वाटा मोठा आहे. तोच घाट परत चढताना, नुसतं ते वजन वर नेण्यात पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जातं. बॅटरी पहिल्या काही मिनिटांत रिकामी होते आणि पुढे इंजिन एकटं ओढतं. तेव्हा मोजायचंच असेल तर पुण्यात टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, मुंबईला जाऊन या आणि त्याच पंपावर पुन्हा फुल करा. किलोमीटर भागिले लिटर. स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा हा थोडा कमी आला तर पंपवाल्याशी भांडू नका.