यादीबाहेरचे प्रोसेसर आणि डेबियन

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाचं १३ क्रमांकाचं प्रकाशन आलं आणि त्याच्या अधिकृत प्रोसेसरांमध्ये रिस्क-फाइव्ह हे खुलं प्रोसेसर-कुटुंब पहिल्यांदा दिसलं. त्याआधी कित्येक वर्षं ते ‘डेबियन पोर्ट्स’मध्ये, म्हणजे अनधिकृत आवृत्त्यांच्या घरात वाढत होतं. जुलै २०२३ मध्ये मुख्य आर्काइव्हचं, म्हणजे अधिकृत पॅकेजांच्या साठ्याचं, दार उघडलं, तेव्हाही पोर्ट्समधली तयार पॅकेजेस सरसकट उचलली नाहीत. पायापुरती थोडी नेली आणि बाकीची डेबियनच्या ताब्यातल्या मशीनवर नव्याने बांधली. उलटी वाटही आहेच. एम६८के, म्हणजे मोटोरोलाचं जुनं ६८००० कुटुंब, २००५ च्या ‘सार्ज’ आवृत्तीपर्यंत अधिकृत होतं, अल्फा हा प्रोसेसर २००९ च्या ‘लेनी’पर्यंत. आज ही दोन्ही पोर्ट्समध्ये आहेत, सोबत एचपीपीए, एसएच४ आणि स्पार्क६४ हे आणखी प्रोसेसर.

पोर्टवाल्यांनी वेगळी चूल मांडलेली नाही. सोर्स, म्हणजे मूळ कोड, एकच असतो. अनस्टेबल, म्हणजे सतत बदलणाऱ्या, शाखेत पॅकेजची नवी आवृत्ती आली की ‘वाना-बिल्ड’ ही बांधणीची कामं वाटणारी व्यवस्था ती अनधिकृत प्रोसेसरांच्या रांगेतही लावते. बांधणारी मशीन मात्र बहुतेक स्वयंसेवकांनीच उभी केलेली. तयार पॅकेजेस वेगळ्या सर्व्हरवर जातात आणि त्यांच्यावर वेगळ्या किल्लीची सही असते. म्हणून पोर्ट बसवण्याआधी पोर्ट्सचं कीरिंग, म्हणजे या किल्ल्यांचं, पॅकेज घ्यायचं, आणि ते ताजं ठेवायचं. नाहीतर ‘एपीटी’ला, म्हणजे डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला, सही पटत नाही आणि काम तिथेच अडतं.

आता बिघाडांकडे वळू, कारण सहकार्याची खरी कसोटी तिथेच लागते. समजा कोणी सी भाषेतल्या गेटचार फंक्शनने वाचलेलं अक्षर ‘चार’ (char) या एका बाइटच्या प्रकारात ठेवलं आणि फाइल संपली का हे पाहायला त्याची तुलना उणे एकशी केली. इंटेलवर हे चालून जातं. आर्म, पॉवरपीसी आणि रिस्क-फाइव्हवर मात्र लिनक्समध्ये ‘चार’ला उणे चिन्ह नसतं, त्यामुळे तुलना कधीच जुळत नाही आणि लूप थांबत नाही. स्पार्कवर चार बाइटांचा आकडा विषम पत्त्यावरून वाचलात तर ‘बस एरर’ येऊन प्रोग्रॅम मरतो. एम६८केवर पूर्णांक दोन बाइटांच्या सीमेवरही बसतो. पॉइंटरचे, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याचे, खालचे दोन बिट मोकळेच असणार असं धरून त्यांत खुणा ठेवणारे प्रोग्रॅम तिथे कोसळतात. यातल्या पहिल्या दोन चुका सी भाषेच्या नियमांतच बसत नाहीत, त्या इंटेलवर नुसत्या झाकलेल्या असतात. म्हणून अशा पोर्टांकडून आलेली तक्रार ही मुख्य वितरणाला मिळालेली फुकटची तपासणी आहे, असं मी मानतो.

दुरुस्ती कशी पाठवावी? आधी बिल्ड लॉग, म्हणजे बांधणीची नोंद, शेवटापासून वर वाचा. बांधणीच्या स्थितीत ‘बीडी-अनइन्स्टॉलेबल’ दिसलं तर पॅकेजचा दोष नाही, त्याला लागणारं दुसरंच काहीतरी अडलंय. तिथे पॅच लिहून उपयोग नाही. लिंकर, म्हणजे बांधलेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम, ‘अ‍ॅटॉमिक’ नावाची फंक्शन्स सापडत नाहीत म्हणत असेल, तर बहुधा लिबअ‍ॅटॉमिक ही लायब्ररी जोडायची राहिलीय. ३२ बिटांच्या अनेक प्रोसेसरांना ६४ बिटांच्या अ‍ॅटॉमिक, म्हणजे मध्ये न तुटणाऱ्या, क्रियांसाठी ती लागते. इथे ‘एम६८के असेल तर जोडा’ असं लिहू नका. बांधणीच्या सुरुवातीला छोटा तुकडा लिंक करून पाहा आणि गरज पडली तरच जोडा. तोच पॅच मग पॉवरपीसी, एसएच४ आणि आर्मेललाही (जुन्या आर्मची आवृत्ती) पुरतो, आणि पॅकेज सांभाळणाऱ्याला सहा ठिकाणी सहा अटी वागवाव्या लागत नाहीत.

तक्रारीची तीव्रता ‘सीरियस’ ठेवू नका. ती अधिकृत प्रोसेसरांसाठी आहे, तिच्यामुळे पुढचं प्रकाशन अडू शकतं. ‘इम्पॉर्टंट’ किंवा ‘नॉर्मल’ पुरे. पॅच मूळ प्रकल्पाकडेही पाठवाच. तोवर निभावून न्यायला पोर्ट्समध्ये ‘अनरिलीज्ड’ नावाची जागा आहे, पण तिथलं पॅकेज प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा बांधावं लागतं. हा ढीग वाढला की दोन-चार माणसांच्या पोर्टचा दम निघतो.

पॅकेज सांभाळणाऱ्यांकडे मागणं फार नाही. आर्किटेक्चरच्या ओळीत चार नावं मोजून लिहिण्याऐवजी शक्य तिथे ‘एनी’, म्हणजे कुठलाही प्रोसेसर, असं लिहा. ‘नोचेक’ हा पर्याय पाळा, म्हणजे संथ मशीनवर तासन्‌तास चालणाऱ्या चाचण्या वगळता येतात.

काही पेच मात्र पॅचने सुटत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एपीटी’च्या बाजूने सूचना आली, की लवकरात लवकर मे २०२६ पासून त्यात रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा अनिवार्य होऊ शकते, ज्या पोर्टांकडे रस्टचा कंपायलर नाही, त्यांनी तो सहा महिन्यांत उभा करावा किंवा पोर्ट आवरतं घ्यावं. ‘एपीटी’शिवाय डेबियन चालवायचं कसं? अल्फा, एचपीपीए, एम६८के आणि एसएच४ या चौघांना हा घाव थेट बसतो. सहा महिन्यांची मुदत मला फार तोकडी वाटते, पण मागणी अवाजवी नाही. एम६८केसाठी एलएलव्हीएममध्ये, म्हणजे रस्टचा कंपायलर ज्यावर उभा आहे त्या कोड बनवणाऱ्या संचात, प्रायोगिक पाठबळ आहे आणि रस्टच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत कमी हमीच्या, श्रेणीच्या यादीत त्याचं नावही आहे. उरलेल्या तिघांना एलएलव्हीएमची वाटच नाही. त्यांचा भरवसा जीसीसी या दुसऱ्या कंपायलर-संचावर, कारण ते या तिघांसाठीही कोड बनवतं. रस्टच्या कंपायलरला जीसीसीचा मागचा भाग जोडण्याचं काम सुरू आहे. ज्यांना कंपायलरच्या पोटात शिरायची हौस आहे, त्यांची या घडीला सगळ्यात जास्त गरज तिथे आहे.

नमस्कार.